प्रयोगशील गद्य आणि नवचित्रकला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधुनिकतावादी गद्य वाचायला घेतलं की प्रस्तावनेत, मलपृष्ठावर, समीक्षेत कुठे ना कुठे चित्रकारांची नावं येतातच. अमेरिकी लेखिका गर्ट्रूड स्टाइन म्हटलं की पिकासो, इंग्रज कादंबरीकार व्हर्जिनिया वूल्फ म्हटलं की सेझान. हा संबंध नेमका कसला, याबद्दल वाचकांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण प्रश्नही सारख्या वजनाचे नाहीत.

आपण नेमक्या कोणत्या काळाबद्दल बोलतोय?

ढोबळमानाने १९०५ ते १९३५. पॅरिस, लंडन, मिलान, म्युनिक, बर्लिन, झुरिक ही मुख्य ठिकाणं. एका टोकाला सेझानचं अखेरचं काम आणि त्यातून उगवलेला पिकासो-ब्राक यांचा घनवाद (क्युबिझम), दुसऱ्या टोकाला अतिवास्तववाद्यांच्या (सर्रिअॅलिस्टांच्या) कोलाज-कादंबऱ्या, म्हणजे कापून-चिकटवून केलेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतरचे थोडे पडसाद शेवटी दिले आहेत.

गद्याने चित्रकलेकडून घेतलं म्हणजे काय घेतलं? चित्रांची वर्णनं तर आधीही होत होती.

होत होती. चित्रकार नायक असलेल्या कादंबऱ्याही एकोणिसाव्या शतकात निघाल्या. पण तिथे चित्र हा नुसता विषय होता. वाक्य जसं होतं तसंच राहिलं.

१९०५ नंतर बदल झाला तो वाक्यात. सेझानच्या स्थिरचित्रात सफरचंद जितकं महत्त्वाचं, तितकीच त्यामागची भिंत आणि टेबलक्लॉथची चुणी महत्त्वाची. मुख्य वस्तू आणि पार्श्वभूमी अशी विभागणी तिथे ढासळते आणि कॅनव्हासचा प्रत्येक कोपरा सारख्याच मेहनतीने रंगवलेला दिसतो. गर्ट्रूड स्टाइनने हे स्वच्छ शब्दांत सांगून ठेवलं आहे: रचनेत एक गोष्ट दुसरीइतकीच महत्त्वाची असते, ही कल्पना सेझानची, आणि तिच्यावर मोठा परिणाम झाला तो याच कल्पनेचा.

आता हे गद्यात आणायचं कसं? कथेत उत्कर्षबिंदू असतो, बाकीचा मजकूर त्याच्याकडे चढत जातो. सगळं सारख्या महत्त्वाचं ठरलं तर चढणच संपते. मग एखाद्या मोलकरणीचं रोजचं बोलणं आणि तिचं मरण एकाच सपाटीवर येतात. म्हणजे चित्रातून उचललं ते काम करण्याच्या पद्धतीचं एखादं सूत्र. या पानावरच्या बहुतेक उत्तरांत आपण हाच एक प्रश्न विचारणार आहोत: या लेखकाने चित्रकाराकडून नेमकी कोणती पद्धत उचलली, आणि शब्दांत आणताना ती कुठे अडली?

स्टाइन सेझानच्या चित्राखाली बसून लिहायची, ही दंतकथा आहे का?

गोष्ट तिनेच सांगितलेली आहे, त्यामुळे थोडी मिठाची चिमूट हाताशी असू द्यावी. बाकी तपशील पक्का आहे. स्टाइन १९०३ मध्ये पॅरिसला आली आणि भाऊ लिओसोबत २७, र्‍यू द फ्लरूस या पत्त्यावर राहू लागली. दोघांनी आम्ब्रुआज व्होलार या चित्रविक्रेत्याकडून सेझानने काढलेलं त्याच्या पत्नीचं व्यक्तिचित्र विकत घेतलं: लाल खुर्ची, हातात पंखा, चेहऱ्यावर काहीच न सांगणारा भाव. त्या चित्राकडे बघत बघत आपण 'थ्री लाइव्ह्ज'मधल्या तीन कथा लिहिल्या, असं ती म्हणते. पुस्तक १९०९ मध्ये स्वखर्चाने छापलं गेलं. प्रकाशकाने घरी माणूस पाठवून 'बाईंना इंग्रजी नीट येतं ना?' अशी चौकशी केली होती, हाही तिनेच सांगितलेला किस्सा.

चौकशी अगदीच अनाठायी नव्हती. त्यातली 'मेलांक्था' ही कथा वाचून पाहा. तेच विशेषण, तेच क्रियापद, तोच वाक्याचा घाट पुन्हा पुन्हा येतो, पण दरवेळी किंचित सरकलेला. सेझान एका गालाच्या गोलाईसाठी शेजारी शेजारी छोटे पट्टे लावत जातो आणि कुठलाच पट्टा पुसत नाही. स्टाइन एका स्वभावासाठी शेजारी शेजारी वाक्यं लावत जाते आणि कुठलंच वाक्य मागे घेत नाही. वाचकाला कंटाळा येतो हे खरं आहे. चित्रातले पट्टे डोळा एका नजरेत गोळा करतो, वाक्यं मात्र एकामागून एक पार करावी लागतात. पद्धत अडते ती इथे.

पिकासोने काढलेल्या तिच्या व्यक्तिचित्राचा यात काय संबंध?

पुष्कळ. १९०५-०६ च्या हिवाळ्यात ती त्याच्यासमोर बसत होती. तिच्या सांगण्याप्रमाणे ऐंशी-नव्वद बैठका झाल्या. मग एक दिवस पिकासोने डोकं पुसून टाकलं, कारण बघता बघता त्याला ती दिसेनाशीच झाली होती. उन्हाळ्यात तो स्पेनमधल्या गोसोल या डोंगरी गावी गेला आणि परतल्यावर तिला न बोलावता एका झटक्यात चेहरा रंगवला: मुखवट्यासारखा, डोळे दोन वेगळ्या पातळ्यांवरचे, बाकीच्या अंगाशी न जुळणारा. लोक म्हणाले, ही काही स्टाइनसारखी दिसत नाही. होईल तशी, असं पिकासो म्हणाला. चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. तिने मृत्युपत्राने ते तिथे दिलं.

व्यक्तिचित्र सारखं दिसलंच पाहिजे ही अट तिथे सुटली. काही वर्षांनी स्टाइनने शब्दांत व्यक्तिचित्रं लिहायला घेतली तेव्हा तिनेही ती अट पाळली नाही. मातिस आणि पिकासो यांच्यावरचे तिचे दोन तुकडे छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झने ऑगस्ट १९१२ मध्ये 'कॅमेरा वर्क' या आपल्या नियतकालिकाच्या विशेषांकात छापले. त्यांत रंग, ब्रश, दाढी, घर यांतलं काहीही नाही. मातिसच्या तुकड्यात कोणीतरी खात्री असल्याचं आणि नसल्याचं घोळून घोळून येतं. पिकासोच्या तुकड्यात कोणीतरी सतत काम करत असतं आणि त्याच्यातून काहीतरी बाहेर येत असतं. माणसाची लय तेवढी पकडलेली. दोन्ही तुकडे मोठ्याने वाचले तर कोण चाचपडतो आणि कोण झपाटलेला आहे ते कानाला कळतं.

म्हणजे स्टाइनचं गद्य 'घनवादी' म्हणायचं का?

म्हणणारे म्हणतात. मला ते लेबल आळशीपणाचं वाटतं. घनवादात एकाच टेबलावरची बाटली वरून, समोरून, बाजूने एकदम दाखवता येते, कारण कॅनव्हास सगळा एकाच वेळी समोर असतो. गद्याला 'एकदम' हा शब्दच परका आहे. त्यामुळे 'अनेक कोनांतून सांगितलेली गोष्ट म्हणजे घनवादी गोष्ट' हे समीकरण फार ताणलेलं आहे. तसं असेल तर चार साक्षीदारांच्या जबान्या असलेली कुठलीही रहस्यकथा घनवादी ठरेल.

लेबल लावायचंच असेल तर एकाच पुस्तकाला लावा, 'टेंडर बटन्स'ला.

'टेंडर बटन्स'चा अर्थच लागत नाही. माझं कुठे चुकतंय?

अर्थ 'लावायला' बसलात, एवढंच. १९१४ मध्ये आलेलं हे छोटं पुस्तक आहे. वस्तू, खाद्यपदार्थ आणि खोल्या असे त्याचे तीन भाग आहेत. हा घनवादी चित्रकारांचाच माल. पिकासो आणि ब्राक यांनीही त्या वर्षांत युद्धं आणि देवदेवता सोडून पेला, बाटली, पाइप, फळांची थाळी हेच रंगवलं. ओळखीची वस्तू घेतली की मोडतोड कुठे झाली ते दिसतं, म्हणून.

पहिलाच तुकडा जवळून पाहू. शीर्षकात पाण्याची काचेची सुरई आहे आणि तिला 'आंधळी काच' म्हटलं आहे. खाली तीन वाक्यं. त्यांत सुरई परत येत नाही. काचेतला एक प्रकार, एक चुलतभाऊ, एक तमाशा, दुखावलेला एकच रंग, कशाकडे तरी बोट दाखवणारी मांडणी, असे शब्द येतात. मग 'सारखं नसूनही अस्ताव्यस्त नाही' अशा अर्थाचं एक गुंतागुंतीचं वाक्य. शेवटी चार शब्दांत सांगितलं आहे की फरक पसरत चालला आहे. संपलं.

वाक्यांचं व्याकरण बरचसं शाबूत आहे. कर्ता, क्रियापद, स्वल्पविराम जागच्या जागी. हललंय ते शब्द कशाकडे निर्देश करतो तेवढंच. घनवादी चित्रातही असंच घडतं: छायाप्रकाश असतो, कडा असतात, वस्तू जिथे असायला हवी तिथे मात्र ती नसते. तिची थोडीशी चाहूल राहते, इथे काचेची कड, तिथे एक रंग. स्टाइनने सुरई काढून टाकून सुरईभोवतीची शेजारपणं ठेवली आहेत.

आणि तरीही शब्द रंगासारखा वागत नाही. करड्या रंगाचा पट्टा नुसता करडा राहू शकतो, 'चुलतभाऊ' हा शब्द मात्र आपलं अख्खं गोत घेऊन येतो. स्टाइनला हे पक्कं ठाऊक होतं आणि पुस्तकातली गंमत तिथेच आहे. अर्थ हाकलून दिला तरी मागच्या दाराने आत येतो आणि प्रत्येक वाचकाच्या घरी वेगळ्या दाराने. दिवसाला एक-दोन तुकडे वाचावेत, सलग वाचू नये.

हे नुसतं सुचेल ते खरडणं नव्हे कशावरून?

हा आरोप एका नामांकित मानसशास्त्रज्ञाने केला होता. बी. एफ. स्किनरने १९३४ मध्ये 'द अटलांटिक'मध्ये लेख लिहून म्हटलं की स्टाइनचं रहस्य म्हणजे स्वयंचलित लेखन. त्याच्या हाती पुरावाही होता. विद्यार्थिदशेत, विल्यम जेम्सकडे शिकत असताना, तिने लिओन सॉलोमन्ससोबत याच विषयावर प्रयोग केले होते आणि त्यांचा निबंध १८९६ मध्ये छापून आला होता. स्टाइनने हा तर्क झिडकारला. 'टेंडर बटन्स'ची घट्ट बांधलेली वाक्यं पाहिली तर तिचं म्हणणं पटतं. मनाला सैल सोडून लिहिणारा माणूस अशी विरामचिन्हं देत नाही.

चित्रकारांना तिचं हे नातं मान्य होतं का?

सगळ्यांना मुळीच नव्हतं. १९३३ मध्ये 'द ऑटोबायोग्राफी ऑफ अॅलिस बी. टोकलस' हे तिचं वाचनीय, गप्पिष्ट पुस्तक आलं, गाजलं, आणि पॅरिसमधले जुने दोस्त खवळले. १९३५ मध्ये 'ट्रान्झिशन' या नियतकालिकाने तिच्याविरुद्ध साक्षी नोंदवणारी पुरवणीच काढली. मातिस, ब्राक, कवी त्रिस्तान झारा त्यात होते. मातिसला पत्नीबद्दल लिहिलेलं खटकलं होतं. ब्राकचा घाव जास्त खोल होता: घनवाद तिला कळलाच नाही, तिने तो माणसामाणसांच्या हेव्यादाव्यांत पाहिला आणि ती शेवटपर्यंत पर्यटकच राहिली.

ब्राकचं अर्धं खरं आहे. घनवादाचा इतिहासकार म्हणून तिच्यावर विसंबू नये. पण तिने घनवाद 'समजून' घेतला होता की नाही, हा प्रश्न तिच्या गद्याला फारसा लागू होत नाही. गैरसमजातूनही चांगलं पुस्तक होतं.

'डिसेंबर १९१०च्या सुमारास माणसाचा स्वभाव बदलला' असं व्हर्जिनिया वूल्फ का म्हणाली? तारखेचं काय?

वाक्य १९२४ च्या निबंधातलं आहे आणि त्यातला खट्याळपणा सोडून ते वाचू नये. तारखेमागे मात्र एक ठोस गोष्ट आहे. नोव्हेंबर १९१० मध्ये लंडनच्या ग्राफ्टन गॅलरीत कलासमीक्षक रॉजर फ्रायने 'माने आणि पोस्ट-इम्प्रेशनिस्ट' हे प्रदर्शन भरवलं. सेझान, गोगँ, व्हान गॉग. 'पोस्ट-इम्प्रेशनिस्ट' हे नावही फ्रायनेच दिलेलं. लंडनकर हसले, चिडले, वर्तमानपत्रांनी तोंडसुख घेतलं. वूल्फची बहीण व्हनेसा बेल चित्रकार होती आणि फ्राय घरोब्यातला, त्यामुळे हा सगळा कल्ला तिच्या दिवाणखान्यापर्यंत पोचत होता.

पण वूल्फला चित्रं लगेच उमगली असं समजू नका. सेझानशी तिची ओळख मला जास्त खरी वाटते ती १९१८ ची. त्या वसंतात पॅरिसमध्ये चित्रकार एदगार दगा याच्या संग्रहाचा लिलाव झाला, तेव्हा शहरावर तोफांचा मारा चालू होता. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्सने तिथे सेझानचं सफरचंदांचं एक छोटं चित्र स्वतःसाठी घेतलं. व्हनेसाच्या चार्ल्सटन या शेतघराकडे जाताना सामान जड झालं म्हणून त्याने ते गल्लीच्या तोंडाशी कुंपणात ठेवलं आणि घरात येऊन सांगितलं, 'बाहेर कुंपणात एक सेझान आहे.' नंतर ते पाहून वूल्फने डायरीत लिहिलं: या चित्रात सहा सफरचंदं आहेत, सहा सफरचंदं काय काय असू शकत नाहीत? फळांतली एकमेकांशी असलेली नाती, रंग, घनपणा यांच्याकडे ती बघत राहिली. दुसऱ्या वर्षी 'क्यू गार्डन्स' ही गोष्ट व्हनेसाच्या लाकूडठशांसह आली. त्यात फुलांचा वाफा आणि त्यातली गोगलगाय तिथेच राहतात, माणसं बाजूने जोडीजोडीने जातात, बोलण्याचे तुकडे टाकून पुढे सरकतात. मुख्य वस्तू कोण आणि पार्श्वभूमी कोण, हा सेझानचाच प्रश्न.

'टू द लाइटहाउस'मध्ये लिली ब्रिस्को चित्र काढते. तेवढाच चित्रकलेचा संबंध?

तो वरवरचा संबंध. खरा संबंध आराखड्यात आहे.

आधी वरवरचाच घेऊ, कारण तोही चांगला आहे. लिली मिसेस रॅमझी आणि जेम्स या मायलेकांना जांभळ्या त्रिकोणाने दाखवते. विल्यम बँक्स हा सज्जन शास्त्रज्ञ चाकूच्या हाडाच्या मुठीने कॅनव्हासवर टकटक करून त्या त्रिकोणाबद्दल विचारतो, हे काय आहे? आई आणि मूल या पूज्य विषयाची जांभळी सावली? लिली म्हणते, सारखेपणा साधायचा प्रयत्नच नाही, इथे प्रकाश आहे तर तिथे अंधार हवा. ग्राफ्टन गॅलरीत लोकांनी विचारलेला प्रश्न वूल्फने एका भल्या माणसाच्या तोंडी घातला आणि त्याला चेष्टेचा विषय केलं नाही. म्हणून तो प्रसंग टिकला.

आता आराखडा. कादंबरी लिहिण्याआधी वूल्फने वहीत एक आकृती काढली होती: दोन ठोकळे आणि त्यांना जोडणारी अरुंद पट्टी. पहिला ठोकळा म्हणजे एक संध्याकाळ, दुसरा म्हणजे दहा वर्षांनंतरची एक सकाळ, मधली पट्टी म्हणजे 'काळ सरतो' हा भाग. त्या पट्टीत रिकामं घर पावसावाऱ्यात कुजत राहतं आणि मिसेस रॅमझीचा मृत्यू कंसातल्या एका वाक्यात उरकला जातो. कादंबरीतलं सगळ्यात मोठं मरण कंसात! कथेच्या हिशेबाने हे अजब आहे, पण आकारांच्या तोलाच्या हिशेबाने बरोबर. पट्टी अरुंदच हवी होती.

पुस्तक १९२७ मध्ये आलं. दीपगृहाचा अर्थ काय, असं फ्रायला वाटलं तेव्हा तिने त्याला लिहिलं की दीपगृहाने आपल्याला काहीही सुचवायचं नव्हतं. रचना तोलून धरायला पुस्तकाच्या मधोमध एक रेषा लागते. हे उत्तर कादंबरीकाराचं कमी आणि चित्रकाराचं जास्त आहे. कादंबरी संपते तीही लिली कॅनव्हासच्या मध्यावर एक रेषा ओढते तेव्हा. अर्थात वाचकांनी दीपगृहाला पन्नास अर्थ दिलेच. सुरईचं झालं तेच दीपगृहाचं.

भविष्यवाद्यांनी गद्यात काय केलं?

आरडाओरडा पुष्कळ. या इटालियन चळवळीचा (फ्यूचरिझम) म्होरक्या, कवी फिलिप्पो मारिनेत्ती याचा पहिला जाहीरनामा २० फेब्रुवारी १९०९ ला पॅरिसच्या 'ल फिगारो'त आला. मे १९१२ च्या साहित्यविषयक जाहीरनाम्यात त्याने फर्मान काढलं: वाक्यरचना मोडा, क्रियापद मूळ रूपातच वापरा, विशेषणं आणि क्रियाविशेषणं हद्दपार करा, विरामचिन्हांच्या जागी गणिती चिन्हं घाला. पुढे त्याने एकाच पानावर तीन-चार रंगांच्या शाया आणि वीस प्रकारचे टाइप वापरायची मुभा घेतली. १९१४ चं 'झांग तुंब तुंब' हे बाल्कन युद्धातल्या एद्रियानोपल वेढ्यावरचं पुस्तक वाचण्यापेक्षा बघायचं जास्त. गंमत अशी की भविष्यवादी चित्रकार पळणाऱ्या कुत्र्याला डझनभर पाय देत होते, त्यात आजही मौज वाटते. मारिनेत्तीची पानं मात्र लवकर थकवतात.

विंडहॅम लुईस चित्रकार आणि कादंबरीकार दोन्ही होता ना?

होता, म्हणून त्याची साक्ष मोलाची. १९१४ मध्ये त्याने 'ब्लास्ट' हे नियतकालिक काढलं, भडक गुलाबी मुखपृष्ठाचं, रस्त्यावरच्या जाहिरातीएवढ्या अक्षरांचं. १९१८ ची 'टार' ही कादंबरी लिहिताना चित्रांतला कठोरपणा गद्यात आणायचा, असा त्याचा हट्ट होता. अमेरिकी आवृत्तीत तर वाक्यावाक्यांमध्ये बरोबरचं चिन्ह आहे, जणू प्रत्येक वाक्य हा वेगळा पत्रा आणि मध्ये जोड. पण पुढे त्याने स्वतःच मान्य केलं की रेषा जितक्या सहज अमूर्त होतात तितके शब्द आणि वाक्यरचना होत नाहीत. कादंबरीत माणसं आली की ती बोलायला लागतात, उधाऱ्या करतात, प्रेमात पडतात. दोन्ही हत्यारं हातात असलेल्या माणसाने हे सांगितलं, म्हणून मी ते समीक्षकांच्या दहा लेखांपेक्षा वर ठेवतो.

कोलाज चित्रातून गद्यात आलं का?

बऱ्याच अंशी. मात्र त्याआधी अक्षरं चित्रात गेली, हे विसरू नये. ब्राकने १९११ च्या सुमारास कॅनव्हासवर साच्याने अक्षरं छापली. मे १९१२ मध्ये पिकासोने एका लंबगोल चित्रावर वेताच्या खुर्चीची जाळी छापलेलं मेणकापड चिकटवलं, कडेला चौकट म्हणून खरा दोर गुंडाळला आणि वर 'JOU' ('जू') एवढी तीन अक्षरं रंगवली. ती फ्रेंच 'वर्तमानपत्र' या शब्दाची सुरुवात असू शकते, 'खेळ' या शब्दाचीही. त्या हिवाळ्यात खरी वर्तमानपत्रं कापून चिकटवणं सुरू झालं आणि बाल्कन युद्धाच्या बातम्या गिटारीशेजारी जाऊन बसल्या.

गद्याला हे नीट जमलं ते दहा-पंधरा वर्षांनी. जर्मन लेखक आल्फ्रेड डोब्लिनच्या 'बर्लिन अलेक्झांडरप्लात्झ' (१९२९) या कादंबरीत हवामानाचे अंदाज, जाहिराती, कत्तलखान्याची आकडेवारी मध्येच घुसते. त्याच्या हस्तलिखितात कात्रणं खरोखरच डकवलेली आहेत. अमेरिकेत जॉन डॉस पॅसॉसने, जो स्वतः चित्रंही काढायचा, 'यूएसए' या त्रयीत मथळे आणि गाण्यांचे तुकडे यांची 'न्यूजरील' प्रकरणं घातली. कोलाज गद्याला सगळ्यात जास्त मानवलं, असं माझं मत. कारण इथे शब्दाला अर्थ टाकायला सांगितलेलं नाही. बातमी बातमीच राहते, फक्त तिचा शेजार बदलतो.

जेम्स जॉइसही याच मांडवातला का?

पाहुणा म्हणून. 'युलिसिस'मधल्या वर्तमानपत्र कचेरीच्या प्रकरणात जाड मथळे आहेत, ते त्याने १९२१ मध्ये मुद्रितं तपासताना घातले. कोलाजशी त्याचं नातं दिसतं, पण चित्रांत त्याला फार रस नव्हता. झुरिकमधला त्याचा जिवलग दोस्त फ्रँक बजन मात्र चित्रकार होता. दिवसभर खपून दोन वाक्यं झाली, शब्द मिळालेत पण त्यांचा क्रम शोधतोय, असं जॉइस त्याला म्हणाला होता. हे एखाद्या चित्रकारालाच सांगावं असं आहे. १९२९ मध्ये शिल्पकार ब्रांकुसीने जॉइसचं 'व्यक्तिचित्र' केलं: काही उभ्या रेषा आणि एक मळसूत्र. डब्लिनमध्ये म्हाताऱ्या वडिलांना ते दाखवलं तेव्हा पोरगा बराच बदललेला दिसतो, असं ते म्हणाले म्हणे.

अतिवास्तववादात आधी काय आलं, चित्र की गद्य?

इथे गंगा उलटी वाहते. आंद्रे ब्रेतों आणि फिलिप सूपो या फ्रेंच कवींनी १९१९ मध्ये भरधाव, मनाला लगाम न घालता 'ले शां मान्येतिक' लिहिलं. स्वयंचलित लेखन पानावर आधी आलं. चित्रकार आंद्रे मासोंची तशी रेखाटनं नंतरची. ब्रेतोंच्या १९२४ च्या अतिवास्तववादी जाहीरनाम्यात चित्रकारांना जागा मिळाली ती तळटीपेत. दुसऱ्याच वर्षी पियेर नाव्हील या त्यांच्याच सहकाऱ्याने अतिवास्तववादी चित्रकला नावाची गोष्टच नाही, असं छापून टाकलं.

त्याच जाहीरनाम्यात ब्रेतोंने कादंबरीतल्या वर्णनांना झोडपलं होतं. म्हणून १९२८ च्या 'नाद्जा' या पुस्तकात जागांची वर्णनं करण्याऐवजी त्याने छायाचित्रं लावली: हॉटेलचं दार, दुकानाची पाटी, रिकामा चौक. चित्रकार माक्स अर्न्स्टने तर शब्दच काढून टाकले. 'युन समेन द बोंते' (१९३४) ही १८२ कोलाजांची 'कादंबरी' एकोणिसाव्या शतकातल्या सचित्र रंजक पुस्तकांतली चित्रं कापून बनवली आहे. दिवाणखान्यात पक्ष्याच्या डोक्याचे पुरुष, पलंगाखाली पाणी. कथानक नाही, पण पुढचं पान उलटण्याची ओढ खऱ्या रहस्यकथेसारखी.

चित्रकारांनी लिहिलेलं गद्य वाचण्यासारखं आहे का?

दोन नावं घ्या. वासिली कांदिन्स्कीचं 'क्लेंगं' (म्युनिक, १९१२): गद्यकविता आणि लाकूडठसे. आणि जॉर्जो दे किरिकोची 'एब्दोमेरोस' (१९२९), जिच्यात एक माणूस खोल्या, बंदरं, पुतळे यांतून नुसता जात राहतो. ब्रेतोंच्या गोटाने तोवर दे किरिकोच्या नव्या चित्रांवर फुली मारली होती, आणि नेमकं तेव्हाच त्याने असं गद्य लिहिलं. मी दुसरं आधी वाचेन.

तिसरं नाव चित्रकाराचं नाही, कलासमीक्षकाचं: कार्ल आइनश्टाइन. त्याची 'बेबुक्विन' ही छोटी जर्मन कादंबरी १९१२ मध्ये पुस्तकरूपाने आली. घनवाद हा डोळ्यापुरता नाही, लेखकांना मात्र ते कळलेलं नाही, अशी तक्रार त्याने १९२३ मध्ये पिकासोचा विक्रेता कान्वायलर याला पत्रातून केली होती.

या मंडळींच्या राजकारणाबद्दल कोणी बोलत नाही. का?

आता बोलतात, आणि बोलायलाच हवं. मारिनेत्तीने पहिल्याच जाहीरनाम्यात युद्धाचा उदोउदो केला आणि पुढे तो मुसोलिनीच्या छावणीत गेला. लुईसने १९३१ मध्ये हिटलरचं कौतुक करणारं पुस्तक लिहिलं, १९३९ मध्ये ते फिरवलं. स्टाइन ज्यू होती, तरी दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये राहून तिने नाझींशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारचा प्रमुख मार्शल पेतँ याच्या भाषणांचा अनुवाद करायला घेतला होता. सरकारदरबारी वजन असलेला एक मित्र तिचं रक्षण करत होता. दुसऱ्या बाजूला कार्ल आइनश्टाइन स्पेनच्या यादवीत फ्रँकोविरुद्ध लढला आणि १९४० मध्ये नाझींच्या हाती लागू नये म्हणून त्याने नदीत जीव दिला. वाक्य मोडणारा माणूस सत्तेपुढेही ताठ उभा राहीलच, असा हिशेब मांडता येत नाही.

चित्रकलेचं काहीच कळत नसेल तर कुठून सुरुवात करावी?

'क्यू गार्डन्स'पासून. दहा-बारा पानांची गोष्ट आहे. मग 'टू द लाइटहाउस'. त्यानंतर सेझानचं एखादं स्थिरचित्र मोठ्या आकारात समोर ठेवून 'मेलांक्था'. 'टेंडर बटन्स' उशिरा. स्टाइनची नऊशेहून अधिक पानांची 'द मेकिंग ऑफ अमेरिकन्स' नाही वाचली तरी चालेल. ती शेवटपर्यंत वाचल्याचं सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांवर माझा विश्वास नाही.

महायुद्धानंतर हे संपलं का? आणि गद्य चित्रकलेच्या मागे आहे, हे खरं का?

संपलं नाही. फ्रेंच कादंबरीकार क्लोद सिमों आधी चित्रकलेच्या शाळेत, आंद्रे लोत या घनवाद्याकडे शिकला होता. 'ला रूत दे फ्लांद्र' (१९६०) बांधताना त्याने प्रत्येक पात्राला आणि सूत्राला एकेक रंग दिला आणि कुठला रंग कुठे कमी पडतोय ते बघत मजकूर हलवला. १९८५ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

दुसरा प्रश्न ब्रायन गायसिनच्या वाक्यातून येतो. हा चित्रकार १९५९ मध्ये पॅरिसच्या एका स्वस्त हॉटेलात चित्राला पुठ्ठा कापत होता. खाली अंथरलेली वर्तमानपत्रंही कापली गेली, पट्ट्या सरकल्या आणि भलतीच वाक्यं तयार झाली. त्याने ती अमेरिकी कादंबरीकार विल्यम बरोजला दाखवली. लेखन चित्रकलेच्या पन्नास वर्षं मागे आहे, असं गायसिन म्हणत असे, आणि बरोजने पुढची काही वर्षं कात्री घेऊन हे अंतर कापायचा प्रयत्न केला. पण वर्तमानपत्र कापून, शब्द पिशवीत घालून, हलवून एकेक काढायचा, ही कृती झाराने १९२० मध्येच छापली होती, आणि डोब्लिनची कात्रणं तीस वर्षं जुनी झाली होती. गायसिनला ते आठवलं नाही किंवा आठवायचं नव्हतं. त्यामुळे पन्नासचा आकडा मी मानत नाही. कोलाजपुरतं अंतर पंधरा वर्षांचं होतं. स्वयंचलित लेखनात गद्य पुढे होतं. आणि अमूर्ततेबाबत लुईसने अडचण आधीच सांगून ठेवली होती.